कुठवर लावलं होतं

१७ मार्च १९९६, रविवार

सकाळी तिघं आले. एकाच्या मानेवर, दोघांच्या बोटांवर. नेहमीच्या चामखिळी. दहाच्या सुमारास दादा-वैनी आले, ते आपले चहाला. दादानं जाता जाता नाकाच्या उजव्या अंगाला बोट लावलं. "हे बी काढ की रं. दाढी करताना ब्लेड अडकतंय."

मसुरीएवढी गाठ. नाकपुडीच्या वर, गालाच्या घडीत. काळपट, कडेनं चकाकणारी, मधे किंचित खोलगट. चामखीळ अशी चकाकत नसते. मी पट्ट्या बांधतो त्या दवाखान्यातले डॉक्टर सांगत असतात, चकाकणारं, रंग बदलणारं काही दिसलं की हात लावू नका, माझ्याकडे पाठवा. लक्षात होतं. पण दादा बाजेवर आडवा झालेला, आणि वैनी त्या तिघांना सांगताहेत, "भावजींच्या हाताला गुण हाय. पंधरा दिवसांत काय बी दिसायचं न्हाय." अशा वेळी सख्ख्या भावाला दुसऱ्याकडे पाठवायचं?

भोवती व्हॅसलिन. फोटोच्या रोलची डबी काढली. पानाचा चुना आणि माझी पूड. पूड कसली ते बायकोला, शालनलासुद्धा सांगितलेलं नाही. काडीच्या टोकानं लावलं.

पैसे घेत नाही मी. नारळ आणतात लोक, तेवढाच.

२९ मार्च १९९६

दादाची खपली पडली. खाली गुलाबी कातडं. वरच्या बाजूला जरा राहिल्यासारखं वाटलं म्हणून मधे पुन्हा एकदा लावलं होतं, डोळ्याच्या दिशेनं, करंगळीच्या नखाएवढं. तेही साफ. दादा एस.टी. चालवतो, त्यानं डेपोभर सांगितलं. रविवारी दोन कंडक्टर येणार.

शालनचं नेहमीचं सुरू. "तुमी ड्रेसर हाय, डॉक्टर न्हाय. लोक डॉक्टर म्हणत्यात म्हणून तुमीबी मानाय लागला." घरच्या कोंबडीला डाळीची चव, दुसरं काय. सतरा वर्षं पट्ट्या बांधतोय.

६ नोव्हेंबर १९९७

दिवाळीचा फराळ दादाकडे. आता त्याला चष्मा लागलाय. नाकाजवळचा पांढरा ठिपका चष्म्याच्या सावलीत जातो. माझं काम, मलाच शोधावं लागलं. बरं वाटलं.

२२ ऑगस्ट १९९९, रविवार

वैनी टॉवेल घेऊनच आल्या. "भावजी, बघा. रोज एक रक्ताचा ठिपका पडतोय."

दादाला उजेडात बसवला. जुन्या व्रणाच्या खालच्या कडेला मोहरीसारखे काळे मणी, मधे खपली. कापसानं पुसली तर लगेच रक्त. दाढीचं लागलं असेल, म्हणालो. दवाखान्यातली मलमाची ट्यूब दिली.

खोटं बोललो असं नाही. काय आहे ते मला माहीत नव्हतं. हे लिहिताना पेन दोनदा थांबलं. म्हणजे थोडंफार माहीत होतं.

३ ऑक्टोबर १९९९

दुसरी ट्यूब. भरत नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं. दाखवलं की पहिला प्रश्न, आधी काय केलं होतं? आणि मग रविवारचं सगळं निघणार. दवाखान्याचा ड्रेसर घरी माणसं जाळतो म्हणून. पुढच्या आठवड्यात बघू.

७ नोव्हें.

पुढचा आठवडा आलाच नाही. तिसरी ट्यूब.

१९ डिसेंबर १९९९

वैनी मला न विचारता दादाला शहरात घेऊन गेल्या. कुणी सर्जन मॅडम आहेत, चेहऱ्याचं काम करतात. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. परत आल्यावर सांगितलं. आधी राग आला, माझ्यावर विश्वास नाही का म्हणून. मग रागाची लाज वाटली. चार महिने ट्यूबा पिळत बसलो होतो मी.

४ जानेवारी २०००

रिपोर्ट आला. बेसल सेल कार्सिनोमा. कातडीचा कॅन्सर.

वैनींनी मला सोबत नेलं. "भावजींना कळतंय त्यातलं." मॅडम तरुण आहेत, पस्तिशीच्या. बोलणं सावकाश. दादाला म्हणाल्या, "घाबरू नका. हा सहसा अंगात दुसरीकडे पसरत नाही. पण आहे तिथेच पोखरत जातो. जुने डॉक्टर म्हणायचे, उंदरानं कुरतडल्यासारखा व्रण. नाक, पापणी, हाड, काही सोडत नाही."

"एवढं माझंच थोबाड त्याला कसं गावलं?" दादा.

"किती वर्षं गाडी चालवताय?"

"चोवीस."

"खिडकी कुठल्या हाताला?"

दादानं उजवा हात वर केला. चोवीस वर्षं शाहूवाडीची गाडी, उजव्या गालावर ऊन. ऐकून मला जरा हलकं वाटलं. उन्हानं झालंय, मी नाही केलं. घोटभर चहा पिऊन होईतो टिकलं ते.

मॅडमनी कागदावर नाक काढून समजावलं. गोठवणं किंवा विजेनं जाळणं, हे वरवरच्या लहानशा गाठीला, इथे नको. किरणांचा शेक देता येतो, पण तो शस्त्रक्रिया झेपत नसेल त्याला. यांना कापणंच बरं. परदेशात एकेक पातळ थर कापून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, शेवटचा थर स्वच्छ येईपर्यंत. ती सोय इथे नाही. आपण भोवतीची चांगली कातडी चार-पाच मिलीमीटर धरून कापायची आणि कडा तपासायला पाठवायच्या. भोक लहान असेल तर गालाची कातडी ओढून शिवायची. मोठं झालं तर कानामागच्या कातडीचं ठिगळ. त्याहून मोठं झालं तर कपाळाची कातडी खाली आणायची.

मग पेन खाली ठेवून विचारलं, "याआधी इथे काही केलं होतं का? जाळलं, बांधलं, चुना लावला? हा पांढरा डाग कसला?"

दादा पटकन म्हणाला, "न्हाय. गाडीची काच लागलीती."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

वैनींनी तोंड उघडलं होतं. त्यांना आठवत असणार. दादानं "चल, उठ" म्हणून त्यांचा दंड धरला. बाहेर आल्यावर वैनी म्हणाल्या, "ते तर चामखिळीचं हुतं, त्याचा न्हाय ना ह्याच्याशी काय संबंध?" मला विचारत होत्या. मी नाही म्हणालो.

११ जानेवारी २०००

जागा बधिर करून ऑपरेशन. मॅडमनी आधी जांभळ्या शाईनं गाठीभोवती गोल काढला. मी दारातून बघितला. खाली, डावीकडे, उजवीकडे भरपूर. वर पांढऱ्या डागापर्यंत. त्याच्याही वर मी दुसऱ्यांदा लावलं होतं तो भाग गोलाच्या बाहेर. दोन तांदळांएवढा. तिथे आज डागही दिसत नाही. ते मला एकट्याला माहीत.

एक वाक्य बोलायचं होतं. दार लागलं.

आठ टाके. दादा हसत बाहेर आला. घरी येताना वैनींनी भजी घेतली.

२४ जानेवारी २०००

कडांचा रिपोर्ट आला. खालची कड मोकळी, कॅन्सर नाही. दोन्ही बाजू मोकळ्या. खोली मोकळी. वरची कड मोकळी नाही.

मॅडम रिपोर्ट दोनदा वाचून म्हणाल्या, "वर इतक्या लांब कसं गेलं? गाठ तर खाली होती."

वैनी रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "म्हणजे परत कापायचं." आणि पिशवीचे बंद बांधत बसल्या. बंद बांधलेलेच होते.

२५ जाने.

दादाला गाठलं, एकटा. मॅडमना सांगतो म्हणालो.

"गप बस. तुझी भाकरी त्या दवाखान्यावर हाय. पोरीचं लगीन तोंडावर आलंय तुझ्या."

"दादा, तुझं नाक जाईल."

"जाऊंदे की. मला काय आता बायको बघायची हाय?"

हसला. टाक्याची जागा ताणली तसा हात लावला. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लहानपणी मी फोडलेल्या कौलाचा मारही यानंच खाल्लेला. तेव्हा मी गप्पच होतो. सवय जुनी आहे दोघांचीही.

२९ जानेवारी २०००

सांगितलं. दवाखान्यातून अर्धी रजा टाकून मॅडमकडे गेलो. डबी खिशातून काढून टेबलावर ठेवली. तारखांसकट सांगितलं. ही वही नेली होती, १९९६ ची पानं वाचून दाखवली. "चामखीळ अशी चकाकत नसते" हे वाक्यही गाळलं नाही.

मॅडमनी डबी बोटानं परत माझ्याकडे सरकवली. मग, "तीन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीत मी विचारलं होतं."

"व्हय."

"तेव्हा सांगितलं असतं तर मी पहिल्यांदाच वेगळं ऑपरेशन केलं असतं. जाळल्यावर वरून कातडी बंद होते, तुम्हाला वाटतं बरं झालं. खाली उरलेलं व्रणाच्या आडोशानं पसरत राहतं. एका जागी सलग नसतं, बेटं असतात. मधे स्वच्छ, पलीकडे परत. तुम्ही दवाखान्यात काम करता."

शेवटचं वाक्य त्या ओरडून बोलल्या नाहीत. पण तेच कानात राहिलं.

आता साधी शिलाई चालणार नाही. सगळा जुना व्रण आणि भोवतीचा भाग घ्यायचा. नाकपुडी जाईल. आधी कापायचं, भोक तसंच पट्टीखाली ठेवायचं, कडा मोकळ्या आल्याचा रिपोर्ट हातात आला की मगच कपाळाच्या कातडीनं नाक बांधायचं.

उठताना म्हणाल्या, "खूण करायच्या वेळी तुम्ही यायचं. कुठवर लावलं होतं ते तुम्हालाच माहीत आहे."

८ फेब्रुवारी २०००

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

दादा टेबलावर. अजून शुद्धीत. मॅडमनी माझ्या हातात जांभळी शाई आणि काडी दिली. तीच शाई आम्ही दवाखान्यात रोज वापरतो. काडीही तशीच, चुना लावायची तसली.

"आठवून काढा," म्हणाल्या. "कमी नको, जास्त नको."

खालची रेघ सोपी. नाकपुडीवरची सोपी. वरच्या रेघेला हात थांबला. जितकं खरं सांगेन तितकं दादाचं तोंड जाणार. इथे थोडी खाली आणली तर पापणीजवळची कातडी वाचते. आणि पहिल्या वेळी ती खाली राहिली म्हणूनच तर आज परत आलो आहोत.

दादा डोळे मिटून म्हणाला, "काढ रं बाळ्या. गुदगुल्या करू नगंस."

वर नेली. करंगळीचं नख ठेवून मोजलं, त्या दिवशी मोजलं होतं तसं. मॅडमनी माझ्या रेघेच्या बाहेरून दुसरी रेघ काढली, आणखी मोठी. मग मला बाहेर जा म्हणाल्या.

१० फेब्रु.

पट्टी बदलायची होती. नर्सनं ट्रे आणला तर दादा म्हणाला, "माझ्या भावाला करू द्या. तो आवळत न्हाय." मॅडमनी मान हलवली.

सतरा, नव्हे आता एकवीस वर्षं झाली पट्ट्या बांधून. गँगरीन बांधलंय, भाजलेली बाळं बांधलीत. भावाच्या तोंडावर सरळ नाकाच्या आतपर्यंत दिसणारं भोक कधी बांधलं नव्हतं. बांधलं. नंतर सायकल काढताना किल्ली कुलपात जाईना.

१७ फेब्रुवारी २०००

कडा मोकळ्या. सगळ्या. वरची जेमतेम. "जेमतेम म्हणजे मोकळीच ना?" वैनींनी मॅडमना तीनदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, मोकळी. पण पाच वर्षं नजर ठेवायची, पहिली दोन जास्त.

२१ फेब्रुवारी २०००

कपाळाच्या कातडीची पट्टी सोडवून, भुवईपाशी जोडलेली ठेवून, पिळून खाली नाकावर शिवली. कानाच्या कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा तुकडा आत, नाकपुडी उभी राहावी म्हणून. जोडलेल्या देठातून रक्त मिळतं, ते मिळेपर्यंत तीन आठवडे देठ कापायचा नाही. डाव्या भुवईपासून उजव्या नाकपुडीपर्यंत मांसाचा दोर. बघवत नाही.

दादाला आरसा हवा होता. वैनी देईनात. त्यानं स्टीलच्या तांब्यात बघून घेतलं.

"गणपती केला की मला. सोंड तेवढी आखूड झाली."

सगळे हसले. मी पण हसलो. मला हसायचा काय अधिकार, असं मनात आलं तरी हसू थांबेना, इतकं ते खरं होतं.

५ मार्च २०००, रविवार

सकाळी आमच्या उचगावातलाच एक जण बायकोला घेऊन दारात, नारळ घेऊन. हनुवटीवर काळं. बंद केलंय म्हणालो. "का वो पावणं, एवढ्या लांबनं आलो," म्हणे. गल्ली ओलांडून आला होता. दवाखान्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी लिहून दिली. नारळ परत दिला.

दुपारी डेपोत गेलो. त्या दोन कंडक्टरांच्या माना, बोटं बघितली. साफ आहेत. एकानं विचारलं, "काय हुडकताय?" गेल्या दहा वर्षांत किती जणांना लावलं ते आठवून लिहायला घेतलं. अठ्ठावीस नावं झाली. उरलेल्यांची नावं माहीत नाहीत, नारळ तेवढे आठवतात.

१४ मार्च २०००

देठ कापला. वरचा भाग परत कपाळाला शिवला. नवी नाकपुडी जाड आहे, रंग वेगळा, जरा सुजकी. श्वास येतो-जातो. दादानं मुद्दाम एक मोठा श्वास घेऊन दाखवला. वैनींनी तोंडाला पदर लावला.

१६ एप्रिल २०००, रविवार

दादाच्या घरी जेवण. मॅडमही आल्या होत्या, थोडा वेळ. पंगत उठायच्या आधी वैनींनी ताट आणलं. त्यात शर्टाचं कापड, टॉवेल, टोपी, नारळ. मला पाटावर बसवलं. गल्लीतली दहा-बारा माणसं.

"भावजी पाठीशी हुते म्हणून ह्ये आज हितं बसलेत," वैनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "रजा टाकून पळत हुते. त्या भोकाची पट्टी सवता करत हुते. सख्खा भाऊ असावा तर असा."

मी टोपी घातली. मॅडम खाली बघून आमटी ढवळत होत्या. दादानं माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, घे, म्हणून.

घेतलं. घरी आल्यावर शालन म्हणाली, "कापड चांगलं हाय, शिवून घ्या." मी ओरडलो तिच्यावर. तिनं कापड घडी करून ट्रंकेत ठेवलं. सगळं माहीत आहे तिला.

२ मे २०००

मॅडमनी तक्रार केलेली नाही. दवाखान्यात कुणी काही विचारत नाही. शिक्षा व्हायला हवी होती असं नाही, पण वाट बघत होतो. वाट बघण्यातच दिवस जातोय.

१३ ऑगस्ट २०००

दादा परत गाडीवर. खिडकीला आतून टॉवेल लावतो, टोपी घालतो, मॅडमचं मलम फासतो. पोरं नाकाकडे बघतात. "वाघ चावलाय" म्हणून सांगतो त्यांना. घाटात एका पोरानं विचारलं म्हणे, वाघाचं काय झालं? "ड्रेसरनं पट्टी बांधली त्याला बी," दादा म्हणाला. मला सांगताना हसून हसून डोळ्यांत पाणी.

तो विसरलाय का मला विसरायला लावतोय, कळत नाही. रविवारी ओटा रिकामा असतो.

७ जानेवारी २००१

वैनींची मुरगूडची बहीण आली होती, डोळ्याखाली चामखीळ घेऊन. वैनी तिला हाताला धरून माझ्याकडे. "भावजी, तुमी सगळ्यांचं बंद केलंय म्हणं. घरच्यांचं तरी करा." दादा मागून चपला घालत पळत आला. "ऊठ, तो आता काढत न्हाय."

"का न्हाय?"

दादा काहीतरी सांगायला लागला, डोळ्यांचं, वयाचं. माझ्यासाठी तिसऱ्यांदा खोटं बोलत होता.

मी आत गेलो. डबी आणली, शर्टाचं कापड आणलं, टोपी, टॉवेल. नारळ वाळून आत खुळखुळत होता, तोही आणला. सगळं वैनींच्या पुढ्यात ठेवलं आणि त्या मार्चच्या रविवारपासून सांगितलं. चकाकत होती हे सांगितलं. ट्यूबांचं सांगितलं. कॅलेंडरचं. दारातून बघितलेल्या गोलाचं. त्यांनी विचारलं होतं "काय संबंध?" तेव्हा मी नाही म्हणालो, तेही सांगितलं.

वैनींनी डबीचं झाकण उघडून आत बघितलं. परत लावलं. दादाकडे वळून म्हणाल्या, "तुमाला ठावं हुतं?"

दादानं मान खाली घातली.

बहिणीला घेऊन गेल्या. सामान तसंच ओट्यावर.

२१ जाने.

दोन आठवडे. वैनी गल्लीत दिसल्या तर पदर सारखा करून पुढे जातात. तिळगूळही आला नाही. दादा येतो, बसतो, विषय काढत नाही. आज म्हणाला, "माझ्याशी बी बोलत न्हाय. डबा देती, तेवढंच." मग चष्मा काढून डोळ्याच्या कोपऱ्यात बोट फिरवत, "हितं खाजतंय रं चार दिस. बघ जरा."

उजेडात घेतला. शिवणीच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूला. लाल आहे. मणी आहे की शिवणीची गाठ, कळत नाही. बोट लावलं नाही. "मला कळत नाही," म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणालो असेन. "मॅडमना दाखवायचं. आठवडा थांबायचं नाही. उद्या."

२२ जानेवारी २००१

दवाखान्यातून फोन करून मॅडमची वेळ घेतली. उद्या स. ११. नाव लिहिताना त्यांनी विचारलं, सोबत कोण येणार? पेशंटची बायको, म्हणालो. आणि तुम्ही? म्हणाल्या. कळवतो, म्हणालो.

वेळेची चिठ्ठी लिहून दादाच्या दारात गेलो. वैनी अंगणात धुणं वाळत घालत होत्या. चिठ्ठी हातात दिली. वाचली, कनवटीला खोचली. दादाचा टॉवेल झटकून दोरीवर टाकला, मग दोन्ही बाजूंनी निरखून बघितला, डाग आहे का ते.

या म्हणाल्या नाहीत. येऊ नका असंही म्हणाल्या नाहीत.

उद्याची रजा टाकली आहे. सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरून ठेवली.